सहा फुटांचा नियम आणि अठरा माणसांची कंपनी

ओहायो राज्यात, कोलंबसजवळ, घरांची छपरं घालणाऱ्या एका छोट्या कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. हिशेब, पगार, विमा, एस्टिमेट आणि ज्याला कुणी हात लावत नाही असा प्रत्येक फॉर्म माझ्या टेबलावर येतो. मालकासकट आम्ही अठरा जण. छपरावर चढणाऱ्या तीन टोळ्या आहेत. जून २०२५ मध्ये आमच्या एका कामावर ओशाचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या केंद्रीय खात्याचा, इन्स्पेक्टर आला आणि तिथून पुढचा पावसाळा-हिवाळा त्या भेटीच्या कागदांत गेला. तेव्हा मी इंटरनेटवर शोधायला बसले की वकिलांच्या जाहिराती तरी यायच्या, नाहीतर हार्नेस, म्हणजे उंचावर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे, विकणाऱ्यांची पानं. एखाद्या छोट्या कंपनीत नेमकं काय काय होतं, कशाला किती वेळ लागतो, कुठे घाबरायचं आणि कुठे नाही, हे सांगणारं फारसं काही मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी नियम. घराच्या बांधकामात माणूस खालच्या पातळीपासून सहा फूट किंवा त्याहून उंचावर काम करत असेल, तर त्याला पडण्यापासून वाचवणारी सोय हवी. कठडा, जाळी किंवा हार्नेस-दोर-अँकर (अँकर म्हणजे दोर अडकवायला छपराला ठोकलेली कडी), यापैकी एक. जुनं छप्पर काढून नवं घालणं हेही यातच मोडतं. एकमजली घराची वळचणसुद्धा सहा फुटांच्या वरच असते, त्यामुळे आमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: प्रत्येक छप्पर, प्रत्येक दिवस.

त्या दिवशी काम दुमजली घरावर चालू होतं. उतार बारा इंचांना सहा इंच, म्हणजे पाय धरतो, पण शिंगलवरचे, म्हणजे छपराच्या डांबरी पट्ट्यांवरचे, खडीचे दाणे पायाखाली आले की घसरतो. चौघांच्याही अंगावर हार्नेस होते. दोर मात्र दोघांचेच अडकवलेले. उरलेले दोघे धुराड्याच्या पलीकडे काम करत होते. तिथे जायचं तर दोर सोडून दुसऱ्या अँकरला बांधायला हवा होता, आणि दुसरा अँकर लावलेलाच नव्हता. इन्स्पेक्टर त्या रस्त्याने जात होता. मे २०२३ पासून ओशाची उंचावरून पडण्याच्या अपघातांवर देशभर खास मोहीम चालू आहे. त्यात तक्रार आलेली नसली तरी रस्त्यावरून धोका दिसला तर थांबून तपासणी सुरू करता येते. त्याने गाडी बाजूला घेतली, रस्त्यावरूनच फोटो काढले आणि मग आमच्या मुकादमाला हाक मारली.

मुकादमाने मालकाला फोन केला, मालकाने मला. इन्स्पेक्टरने आम्ही पोहोचेपर्यंत वाट पाहिली. अशी विनंती करता येते, त्यात गैर काही नाही. फक्त ती सौजन्याने करावी आणि खरोखर लवकर पोहोचावं. आल्यावर त्याने ओळखपत्र दाखवलं, तपासणी कशासाठी आहे ते सांगितलं आणि प्रश्न सुरू केले. या कामावर धोका ओळखून काम थांबवण्याचा अधिकार असलेला जाणकार माणूस कोण? हार्नेसचं प्रशिक्षण कोणी दिलं, कधी दिलं, त्याचा लेखी दाखला कुठे आहे? दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला दुखापतींची नोंदवही ठेवावी लागते, तीही त्याने मागितली. नोंदवही माझ्याकडे तयार होती. प्रशिक्षणाचा दाखला नव्हता. प्रशिक्षण झालं होतं, मुकादमाने प्रत्येकाला अंगणात उभं करून शिकवलं होतं, पण नाव, तारीख आणि शिकवणाऱ्याची सही असलेला कागद नव्हता. नियमाला तो कागद हवा असतो.

मग तो कामगारांशी एकेकट्याने बोलला. मालकाला हे खटकलं. पण कामगाराशी खाजगीत बोलण्याचा ओशाला अधिकार आहे, आणि तिथे आपण जवळपास घुटमळत राहणं बरं दिसत नाही. आमच्या टोळीत बहुतेकांची भाषा स्पॅनिश आहे. प्रशिक्षण कामगाराला कळेल अशा भाषेत झालं पाहिजे हे ओशाचं जुनं धोरण आहे, त्यामुळे कोणत्या भाषेत शिकवलं हाही प्रश्न आला. याचं उत्तर सुदैवाने बरोबर होतं.

त्याच्या मागून फिरताना मी तो ज्याचे फोटो काढत होता त्याचेच फोटो माझ्या फोनमध्ये घेतले. शिडी वळचणीच्या वर तीन फूट जायला हवी होती, ती जेमतेम फूटभर वर होती, तोही फोटो घेतला. पुढे चर्चेच्या वेळी आमच्यासमोर तेच चित्र होतं जे त्यांच्यासमोर होतं, आणि याचा मोठा उपयोग झाला. निघताना त्याने काय काय आढळलं ते तोंडी सांगितलं. दंडाचा आकडा सांगितला नाही, तो त्या वेळी कधीच सांगत नाहीत.

तो गेल्यावर मुकादम बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "ताई, बांधायला पाहिजे होतं हे मला माहीत आहे. पण घरमालकीण सकाळपासून विचारतेय, आज संपणार का?" तो मला ताई म्हणतो, हा शब्द त्याने माझ्या घरच्या फोनवरून उचललाय.

पुढे वाट पाहणं. उल्लंघन झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नोटीस काढायची असं कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे ती उद्या येईल की डिसेंबरात, काही कळत नाही. रोज टपालाची पेटी उघडताना पोटात गोळा यायचा. या मधल्या काळात दोन गोष्टी केल्या. एक, दुसऱ्याच दिवसापासून सगळ्या कामांवर आढ्याच्या दोन्ही बाजूंना पुरेसे अँकर लावायला सुरुवात केली. दोन, प्रशिक्षण नव्याने घेतलं, स्पॅनिशमध्ये, आणि प्रत्येकाची सही घेतली. नोटीस येण्याआधी केलेली दुरुस्ती पुढे मोजली जाते. तारखा असलेली बिलं आणि फोटो जपून ठेवा.

याच दिवसांत मालकाचा आणि माझा खरा वाद झाला, आणि तो इथे सांगण्यासारखा आहे. मालक नव्वदच्या दशकापासून या धंद्यात आहेत. त्यांचं म्हणणं, सहा फुटांचा नियम मोठ्या इमारतींसाठी ठीक, पण एका दिवसात उरकणाऱ्या घराच्या छपराला तो परवडत नाही. त्यांच्या म्हणण्याला इतिहास आहे. बांधकामातल्या पडण्याच्या संरक्षणाचे आजचे नियम १९९४ मध्ये आले. घरबांधणीवाल्यांनी ओरड केल्यावर १९९५ मध्ये ओशाने सवलत दिली: उतारावर आडव्या फळ्या ठोका, त्यांना पाय लावून काम करा, हार्नेस नाही तरी चालेल. हे मध्यम उताराच्या आणि पंचवीस फुटांपर्यंत वळचण असलेल्या छपरांना लागू होतं. मालकांची उमेदीची वर्षं त्या फळ्यांवर गेली. डिसेंबर २०१० मध्ये ओशाने ही सवलत काढून टाकली आणि २०११ च्या जूनपासून सगळ्यांना मूळ नियम लागू झाला. छपरवाल्यांची राष्ट्रीय संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, पण हरली. ॲरिझोना राज्याने स्वतःच्या कायद्यात पंधरा फुटांपर्यंत सूट ठेवली होती, ती २०१५ मध्ये ओशाने नामंजूर केली. आणि आमची नोटीस यायच्या बेतात असतानाच, १ जुलै २०२५ पासून, कॅलिफोर्नियानेही घरांच्या कामासाठीची आपली पंधरा फुटांची मर्यादा सहावर आणली. म्हणजे २०१० पासून वारा एकाच दिशेने वाहतोय.

मालकांना नोटिशीला आव्हान द्यायचं होतं. त्यासाठी मी नियमाचा मजकूर काढून वाचला. त्यात एक दार आहे. नेहमीची साधनं वापरणं अशक्य आहे किंवा त्यांनीच जास्त धोका होतो असं मालकाने दाखवून दिलं, तर त्या जागेपुरता लेखी आराखडा करून दुसरा मार्ग घेता येतो. पण गृहीत असं धरलं आहे की साधनं वापरता येतात. येत नाहीत हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. आणि 'अशक्य' म्हणजे काय याची जी व्याख्या नियमात दिली आहे, तिच्यात ते काम त्या साधनांसह करताच न येणं आहे, तांत्रिकदृष्ट्या न जमणं आहे. महाग पडतं हे कारण त्या व्याख्येत कुठेच नाही.

हे वाचल्यावर मला सगळ्या प्रकरणाची मांडणीच वेगळी दिसायला लागली. नियम बनवताना सरकार खर्चाचा विचार करतं, पण तो अख्ख्या उद्योगाचा. एकदा नियम झाला की तुम्ही अठरा आहात की अठराशे, छपरावर त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दंडात. १९७० च्या मूळ कायद्यातच लिहिलंय की दंड ठरवताना धंद्याचा आकार, धोक्याची तीव्रता, मालकाची सद्भावना आणि आधीचा इतिहास बघावा. म्हणजे छोट्या माणसाला जी काही ढील आहे ती नियमाच्या नंतर आहे. मालकांना मी हेच सांगितलं: उंचीवर भांडू नका, तिथे कोणी ऐकणार नाही. आकारावर आणि दुरुस्तीवर बोला. त्यांना ते पटलं असं म्हणवत नाही. वकिलाने तासाचा दर सांगितल्यावर मात्र ते गप्प झाले.

नोटीस जुलैच्या शेवटी आली. तीन कलमं. पडण्यापासून संरक्षण नसणं, गंभीर. शिडी पुरेशी वर न नेणं, तेही गंभीर. प्रशिक्षणाचा लेखी दाखला नसणं, हे किरकोळ, दंड शून्य. २०२५ मध्ये एका गंभीर उल्लंघनाला जास्तीत जास्त १६,५५० डॉलर दंड होता. जाणूनबुजून किंवा पुन्हा तेच केलं तर १,६५,५१४ पर्यंत. आमच्या नोटिशीवर दोन्ही दंड मिळून पावणेसात हजारांच्या आसपास होते. हे कमी कसे झाले? नोटीस यायच्या थोडं आधी, १४ जुलै २०२५ ला, ओशाने दंडाचं धोरण बदललं. कंपनीच्या आकाराबद्दलची सत्तर टक्के सवलत तोवर दहा माणसांपर्यंतच्या कंपन्यांना मिळायची. ती पंचवीसपर्यंत वाढवली. तपासणी आधी झाली असली तरी दंड लागायचा बाकी असेल तर नवं धोरण लागू, त्यामुळे आम्ही त्यात बसलो. आधीची गंभीर नोंद नाही म्हणून इतिहासाची वीस टक्के सवलत वेगळी मिळाली. यात आमचं कर्तृत्व काही नाही, तारीख आमच्या बाजूने पडली एवढंच.

नोटीस हातात पडल्यावर लगेच काय करायचं ते नीट सांगते, कारण इथे लोक घाबरून दिवस घालवतात.

नोटिशीची प्रत कामाच्या जागी किंवा कामगारांना दिसेल अशा ठिकाणी लावायची. दुरुस्ती होईपर्यंत किंवा कामकाजाचे तीन दिवस, यातलं जे लांब असेल तोवर. टोळ्या रोज वेगळ्या घरी जातात, म्हणून आम्ही ती गोदामात, जिथे सकाळी सगळे ट्रक भरतात तिथे लावली. मालकांना शरम वाटली. कामगारांनी ती वाचली, आणि त्यातल्या एकाने मला विचारलं की शिडीला एवढा दंड असतो का. त्यानंतर शिडीबद्दल कुणाला सांगावं लागलं नाही.

आव्हान द्यायला कामकाजाचे पंधरा दिवस मिळतात, नोटीस मिळाल्यापासून. शनिवार-रविवार आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. याच मुदतीत स्थानिक कार्यालयाकडे अनौपचारिक बैठक मागता येते. पण बैठक मागितली म्हणून पंधरा दिवसांचं घड्याळ थांबत नाही. पंधरावा दिवस उलटला आणि तुम्ही ना लेखी आव्हान दिलंत ना समझोत्यावर सही केलीत, तर नोटीस आहे तशी कायम होते, मग कुणाचाच इलाज चालत नाही. म्हणून बैठक पहिल्या आठवड्यातच मागा. आम्ही फोन केला तेव्हा दुसऱ्या आठवड्यातली वेळ मिळाली.

बैठकीला मी एक फाइल नेली. अँकरची आणि दोरांची बिलं, प्रशिक्षणाच्या सह्या, नव्या शिड्यांचे फोटो, आणि त्या घराचे माझे जूनमधले फोटो. समोर कार्यालयाचे प्रमुख होते. मला वाटलं होतं उलटतपासणी होईल, पण बोलणं बँकेत कर्जाच्या फेडीबद्दल बोलावं तसं झालं. काय दुरुस्त केलं, कधी केलं, पुढे काय करणार. मालक एकदा उंचीच्या मुद्द्यावर घसरायला लागले, त्यावर प्रमुख फक्त म्हणाले की नियम बदलणं माझ्या हातात नाही, आकड्याबद्दल बोलू. शेवटी दंड साडेचार हजारांवर आला. बदल्यात आम्ही लेखी सुरक्षा कार्यक्रम करणार, सगळ्या मुकादमांना प्रशिक्षण देणार आणि राज्याची सल्लासेवा बोलावणार, असं समझोत्यात लिहिलं. हप्त्यांत भरायची सोय मागता येते, आम्ही मागितली नाही, पण ऑगस्ट महिन्यात साडेचार हजार म्हणजे एका टोळीच्या जवळजवळ आठवड्याचा पगार आहे हे मी हिशेबात पाहिलं.

दुरुस्ती झाल्याचा दाखला वेगळा पाठवावा लागतो, ठरलेल्या तारखेनंतर दहा दिवसांत, आणि हे दहा दिवस कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. एकाच कागदपत्रात दोन प्रकारचे दिवस असतात, ते फ्रिजवर लिहून ठेवा.

आता सल्लासेवेबद्दल, कारण या सगळ्यात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच निघाली. ओशाच्या पैशावर चालणारी, पण राज्याच्या माणसांनी दिलेली ही सेवा छोट्या कंपन्यांना फुकट आहे. ओहायोत ती कामगार भरपाईच्या सरकारी विभागाकडे आहे, ज्याला आम्ही दरवर्षी पगारांवर हप्ता भरतो तोच. सल्लागार येतो, धोके दाखवतो, लेखी अहवाल देतो. दंड नाही, आणि अहवाल ओशाच्या तपासणी विभागाकडे जात नाही. अट एकच: गंभीर धोके ठरलेल्या मुदतीत दूर करायचे. ते केले नाहीत तरच प्रकरण पुढे जातं. आणखी एक बारीक मुद्दा. तपासणी चालू असताना ही सेवा मिळत नाही. ज्या कलमांवर नोटीस निघाली आहे ती कायम झाल्यावरच त्यांबद्दल सल्लागार बोलू शकतो. त्यामुळे जूनमध्ये घाबरून फोन करून उपयोग नव्हता. इतकी वर्षं त्या विभागाला हप्ता भरत असताना ही सेवा आहे हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना दंड झालेला नाही अशांना ती कळण्याचा सोपा मार्ग मला अजून दिसलेला नाही.

सल्लागार सप्टेंबरमध्ये आला, एका चालू घरावर आणि एका सपाट छपराच्या दुकानावर. घरावर त्याने पहिल्यांदा अँकरचे खिळे पाहिले. अँकरला जोडलेल्या प्रत्येक माणसामागे ५,००० पौंडांचा भार तो पेलू शकला पाहिजे. आमच्या मुलांनी दोन ठिकाणी अँकर नुसता प्लायवुडला ठोकला होता, वाशाला पकडच नव्हती. असा अँकर दिसायला ठीक असतो आणि झटका बसला की फळीसकट उखडून येतो. मग दोराची लांबी. हार्नेस घातलेला माणूस सहा फुटांहून जास्त मोकळा पडता कामा नये, आणि खाली आपटण्याआधी थांबला पाहिजे. एकमजली घरावर ढिला सोडलेला लांब दोर म्हणजे केवळ सजावट, हे त्याने जमिनीवर पट्टी धरून दाखवलं. तिसरा प्रश्न त्याने मुकादमाला विचारला: हा माणूस दोरावर लटकला तर त्याला खाली कसा आणणार? नियमात ताबडतोब सुटका करायची सोय लागते, कारण हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि थोड्याच वेळात त्याच्या जिवावर बेततं. मुकादम म्हणाला, अग्निशमन दल बोलावू. सल्लागार म्हणाला, ते येईपर्यंत? आता प्रत्येक कामावर एक जास्तीची शिडी छपराच्या उंचीची उघडून ठेवलेली असते.

सपाट छपरावर उलटा अनुभव आला. तिथे नियम आम्हाला वाटत होता त्यापेक्षा लवचीक निघाला. बाराला चार किंवा त्याहून कमी उताराच्या छपरावर छपराचं काम करताना हार्नेसशिवायचे पर्याय आहेत. कडेपासून सहा फूट आत झेंड्या लावलेली इशाऱ्याची दोरी बांधायची आणि एक जण फक्त लक्ष ठेवायला उभा करायचा. छप्पर पन्नास फूट किंवा त्याहून कमी रुंद असेल तर नुसता लक्ष ठेवणाराही चालतो. पण त्या माणसाने दुसरं काम करायचं नाही, त्याच छपरावर उभं राहायचं आणि हाक ऐकू जाईल इतक्या जवळ राहायचं. आम्ही या दुकानावर दोघांना हार्नेसमध्ये अडकवून ठेवलं होतं, आणि रबराच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या ओढताना ते एकमेकांच्या दोरांत अडकत होते. एका बाजूला जिथे हवं तिथे कमी, दुसऱ्या बाजूला जिथे दुसरा मार्ग होता तिथे नको तेवढं. छतावरच्या काचेच्या झरोक्यांवर मात्र त्याने एकही सवलत दिली नाही. झाकण माणसाच्या, साहित्याच्या आणि अवजारांच्या वजनाच्या दुप्पट भार पेलणारं, घट्ट बसवलेलं आणि त्यावर 'झाकण' असं लिहिलेलं.

आता पैसे, कारण भार भार म्हणतात तो कुठे असतो ते मला हिशेबात दिसलं. हार्नेस, दोर, पकड आणि अँकर असा साधा सेट दीडशे डॉलरच्या आसपास येतो. तीन टोळ्यांचे सगळे सेट नवे घेतले तरी आम्ही दंडापेक्षा कमीत सुटलो. दहा तासांचं ओशाचं प्रशिक्षण माणशी शंभर डॉलरच्या आत होतं. खरा खर्च वेळेचा. सकाळी अँकर लावणं, दोर मोजून बांधणं, धुराड्यापलीकडे जाताना बदलणं, संध्याकाळी अँकर काढून भोकं बुजवणं. नव्या टोळीचा यात सुरुवातीला तास-सव्वा तास जायचा, आता अर्ध्या-पाऊण तासावर आलाय. सहा माणसांचा अर्धा तास म्हणजे रोज तीन तासांची मजुरी. एक उपाय सल्लागाराने सुचवला: घरमालकाची परवानगी घेऊन आढ्यावर कायमचे अँकर बसवा, शिंगलखाली झाकून, हूक वर ठेवून. पुढच्या वेळी धुराडं दुरुस्त करणाऱ्याला किंवा सोलरवाल्यालाही ते उपयोगी. काही घरमालकांना ते आवडतं, काहींना छपरावर हूक दिसणं नको असतं.

ऑक्टोबरपासून आम्ही एस्टिमेटमध्ये सुरक्षेची वेगळी ओळ घातली, घरामागे साडेतीनशे डॉलर. मालकांना भीती होती की गिऱ्हाईक पळेल. काही पळालेही. पळाले ते कुठे गेले हे आम्हाला माहीत आहे, कारण त्याच गल्लीत दोन आठवड्यांनी बिनदोराची टोळी काम करताना दिसते. नियमाचा भार छोट्या धंद्यावर पडतो असं जे म्हणतात त्यात मला हा भाग सर्वांत खरा वाटतो. भार दोराचा नाही, दोर न बांधणाऱ्याशी दरात स्पर्धा करण्याचा आहे. आणि त्यावर औषध नियम सैल करणं नाही, कारण सैल केला तर तो न बांधणारा आणखी खाली दर देईल. मालक यावर अजून माझ्याशी सहमत नाहीत. त्या टोळीविरुद्ध तक्रार करा म्हटलं तर तेही करत नाहीत, धंद्यातल्या माणसाची चुगली नको म्हणतात. त्यांचं ते कारण मला समजतं, पण पटत नाही. त्या छपरावर चढलेल्याचं आणि आमच्या छपरावर चढलेल्याचं हाड सारखंच मोडतं.

शेवटचा टप्पा अनुदानाचा. ओहायोचा तोच विभाग सुरक्षेची साधनं घ्यायला अनुदान देतो: तुम्ही एक डॉलर घाला, ते तीन घालतात, जास्तीत जास्त ४०,००० डॉलरपर्यंत. आम्ही वळचणीला लावायचे तात्पुरते कठडे आणि शिंगलचे गठ्ठे वर चढवायचं यंत्र यासाठी अर्ज केला. गठ्ठे खांद्यावर घेऊन शिडी चढणं हा पडण्याचा तितकाच मोठा धोका आहे, आणि पाठीचाही. अंगावर घालायच्या वस्तू आम्ही अर्जात घातल्याच नाहीत. अर्जाला दरपत्रकं, धोक्याचं वर्णन आणि सध्या काम कसं होतं त्याचे तपशील लागतात. सल्लागाराचा अहवाल इथे फार कामाला आला, वर्णनाचा निम्मा भाग त्यातूनच लिहिता आला. एक काळजी मात्र घ्या: मंजुरी येण्याआधी काही विकत घेऊ नका. दुकानदार सवलतीची मुदत संपतेय म्हणून मागे लागतो, पण आधी घेतलेल्या साधनाला अनुदान मिळत नाही.

अर्ज हिवाळ्यात गेला, तेव्हा इथे तसंही छपराचं काम थंडावलेलं असतं आणि ऑफिसात कागदांना वेळ मिळतो. अजून काही खुलासे विचारलेत, मी पाठवले आहेत. दरम्यान, आमचं नाव ओशाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं, तपासणीची तारीख, कलमं आणि दंडासकट. मोठे बांधकाम कंत्राटदार काम देण्याआधी तिथे बघतात. त्यांचा फॉर्म आला की मी समझोत्याची प्रत, दुरुस्तीचा दाखला आणि लेखी कार्यक्रम सोबत जोडते. तुमच्यावर अशी वेळ आली तर या तीन कागदांची एक वेगळी फाइल आधीच करून ठेवा, कारण तो प्रश्न दर फॉर्मवर येतो. आणि पुढची पाच वर्षं तेच उल्लंघन पुन्हा सापडलं तर ते 'पुन्हा केलेलं' धरलं जाऊ शकतं, म्हणजे दंडाची वरची मर्यादा दसपट. हे वाक्य मी स्पॅनिशमध्ये छापून प्रत्येक ट्रकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, शिडीच्या तीन फुटांच्या चित्राखाली.